धाकट्याच्या वजनाची वही

कॉकटेल (कॉकाटील) या तुरेवाल्या छोट्या पोपटाची मादी दिवसाआड एक अंडं घालते, त्यामुळे पिल्लंही पुढंमागं बाहेर येतात. थोरल्याच्या अंगावर पिसांचे काटे फुटलेले असतात तेव्हा शेवटच्याचे डोळे नुकते कुठं उघडत असतात. आईबाप भरवायला आले की ज्याची मान उंच आणि आवाज मोठा, त्याला आधी मिळतं. यंदा मार्चमध्ये आमच्या जोडीच्या पाच पिल्लांतलं शेवटचं मागं पडायला लागलं. थोरलं सत्तर ग्रॅमच्या घरात आणि हे अवघं सव्वीस. त्याच्या वयाला चाळीसच्या आसपास तरी हवं होतं. दिवसाही गळ्याखालची पिशवी रिकामीच दिसायची. म्हणून त्याला, आणि सोबतीला त्याच्या वरच्या भावंडाला, मी घरट्याच्या खोक्यातून काढून हातावर घेतलं, म्हणजे सिरिंजने स्वतः भरवायला लागले.

आमच्या सासूबाई अंगणवाडी सेविका होत्या. बाळांची वजनं घेऊन तक्त्यावर ठिपके मांडण्यात त्यांची नोकरी गेली. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला तशी त्यांनी स्वतःच वही आणली, रेघा मारल्या. "नुसता आकडा बघू नको गं, रेघ कुठं चाललीय ते बघ," म्हणाल्या. फरक इतकाच की बाळाचं वजन महिन्याने घेतात, इथं रोज सकाळी घ्यावं लागतं. तेही पहिलं भरवण्याआधी, पिशवी रिकामी असताना, नाहीतर पोटातलं अन्नच मोजलं जातं. या वयात वजन रोज वाढायलाच हवं. एक दिवस जागेवर राहिलं तर तापमान, अन्नाचा दाटपणा, भरवण्याच्या वेळा हे सगळं तपासायचं. दुसऱ्या दिवशीही तेच, किंवा घट, तर डॉक्टर. पिल्लू वरून ठणठणीत दिसत असतं तेव्हाही काटा आधी सांगतो.

एका वेळी भरवायचं ते साधारण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं. म्हणजे सव्वीस ग्रॅमच्या जिवाला अडीच मिली. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांसाठीची तयार पूड पाण्यात कालवून केलेलं पातळ अन्न, ३९ ते ४१ अंशांवर हवा आणि तो थर्मामीटरनेच बघायचा, बोट बुडवून अंदाज नको. ४३ च्या वर पिशवी आतून भाजते. ते वरून लगेच कळत नाही, काही दिवसांनी कातडीला भोक पडतं तेव्हा कळतं. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच गरम करू नका, मधेच एखादा घास उकळता राहतो. आणि थंड दिलं तर पिल्लू तोंड फिरवतं, किंवा खाल्लेलं खाली उतरत नाही.

सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने घालून टोक उजवीकडे वळवायचं. अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाने उतरते, श्वासाची वाट जिभेच्या मुळाशी उघडते. पिल्लू मान झटक्याने वरखाली करत असतं तेवढ्यातच दट्ट्या दाबायचा. ते थांबलं की आपणही थांबायचं. घाई केली आणि अन्न फुप्फुसात गेलं तर पिल्लू हातातच जातं.

रात्रीतून एकदा पिशवी पूर्ण रिकामी व्हायलाच हवी. सकाळी तिथं कालचं अन्न लागलं तर त्यावर नवं भरू नका, आतलं आंबलेलं असतं. पक्ष्यांचे जाणकार डॉक्टर कुठं आहेत हे पिल्लं हातावर घेण्याआधीच शोधून ठेवावं.

ब्रूडरबद्दल, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बच्या खोक्याबद्दल, जे सगळीकडे वाचायला मिळतं ते थंड हवेच्या हिशोबाचं असतं, बल्ब किती वॉटचा वगैरे. सोलापुरात मार्च सरता सरता दुपारी खोलीच सदतीसला जाते. उघड्या अंगाच्या पिल्लाला ३२-३३ पुरे. म्हणून आम्ही दुपारी बल्ब बंद ठेवायचो, खोका घरातल्या सगळ्यात गार खोलीत न्यायचो आणि ओलं फडकं शेजारी टांगायचो. पिल्लं एकमेकांपासून लांब सरकून, चोच उघडी टाकून, पंख अंगावेगळे धरून बसली की उकडतंय. एकमेकांत घुसून कुडकुडली की गार पडलीत. वाळलेली, सुरकुतलेली, लालभडक कातडी म्हणजे पाणी कमी पडतंय. निरोगी पिल्लाची कातडी गुलाबी-पिवळसर असते आणि पायाची बोटं गुबगुबीत. छातीचं मधलं हाड बोटाला धारदार लागता कामा नये.

पिसं भरून पिल्लू उडायला लागलं की वजन उतरतं, साधारण दहावा हिस्सा. वहीतली रेघ खाली आली तेव्हा सासूबाईंचा जीव खाली-वर झाला. पण ही घट व्हायचीच असते, अंग हलकं होतं. या दिवसांत समोर राळे, उकडलेला मका, कोथिंबीर ठेवायची आणि सिरिंज त्याच्या मागणीप्रमाणे कमी करायची, उपाशी ठेवून नव्हे. पूर्ण स्वतः खायला लागेपर्यंत पिल्लू आठ ते दहा आठवड्यांचं होतं. "हातावर भरवलं की जास्त माणसाळतं" म्हणून अजून स्वतः खायला न लागलेली पिल्लं नवख्यांना विकतात, ते मला अजिबात पटत नाही. माणसाळण्यासाठी रोज हातात घेणं पुरतं. अडचणीत असलेल्या पिल्लाखेरीज कुणालाही आईबापांपासून तोडू नये.

आणि हे सगळं कॉकटेलसारख्या परदेशी जातींचं. उन्हाळ्याच्या तोंडाला ढोलीतून पडलेलं आपलं हिरवं पोपटाचं पिल्लू सापडलं तर ते घरी पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे. शक्य असेल तर ढोलीत परत ठेवा, नाहीतर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

धाकटं आता चौऱ्याऐंशीवर स्थिर आहे. राळे स्वतः सोलतंय, सकाळचं एक भरवणं तेवढं राहिलंय. तेही बहुधा या आठवड्यात सुटेल, कारण काल त्याने सिरिंजकडे पाहिलं आणि मक्याकडे गेलं.