बाटली अजून गजालाच आहे

गुरुवार, रात्री

दुपारी चारला डॉक्टर घरी आले. संमतीच्या कागदावर वयाचा रकाना होता. बाबांनी १३ लिहिलं, आई म्हणाली १४. त्यावरून दोघं चक्क भांडले. आमचा कुत्रा बंड्या जाजमावर पडून ऐकत होता. शेवटी १४ लिहिलं.

किडन्या गेल्या होत्या. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांनी बाहेर टाकायचा कचरा, १.४ च्या आत हवं, याचं महिनाभर पाचाखाली उतरलंच नाही. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहायची. अंगातलं पाणी आटल्याची खूण. रोज तिथेच सुई घालून सलाइन द्यायचं काम माझ्याकडे. बाटली खिडकीच्या गजाला अडकवायची, खांद्यावर पाण्याचा फुगा यायचा, तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरायचा. शेवटी शेवटी मी सुई हातात घेतली की तो आपणहून मान खाली घालायचा. सगळे म्हणायचे, किती शहाणा! शहाणा कसला, कंटाळला होता.

डोळ्यांवर निळसर झाक आलेली. आम्ही मोतीबिंदू धरून चाललो होतो. डॉक्टर म्हणाले, नाही, वयानं भिंग घट्ट होतं, त्याला बऱ्यापैकी दिसतंय. म्हणजे याला कुठे दिसतंय म्हणून त्याच्यासमोर बसून रडायचो, ते सगळं तो बघत होता.

आधी गुंगीचं इंजेक्शन. तो घोरायला लागला, अगदी नेहमीसारखा, मध्येच एक फुरर्र. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीचंच औषध, पण जीव थांबेल एवढं. दोनेक मिनिटं. डोळे उघडेच राहतात, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी आईनं दोनदा तळवा फिरवून पाहिला.

रविवारीच बोलवायला हवं होतं. खाणं शनिवारीच सुटलं होतं. पण रविवारी मी चप्पल काढताना त्यानं शेपूट आपटलं. दोनदा. तेवढ्यावर मी चार दिवस ओढले. घाई तर झाली नाही ना, असं आई विचारत होती. मी काही बोललो नाही.

जाजम धुवायला टाकलं. बाबा म्हणाले, ती बाटली काढ आता. बरं म्हणालो. मग ते स्वतःच पाणी प्यायला उठले, खिडकीजवळ थोडे थांबले आणि तसेच झोपायला गेले.

दोनशे मिली उरलंय त्यात.