माट्टीची डहाळी

१९८६ची गणेशचतुर्थी होऊन आठवडा झाला होता. मी तेव्हा आठवीत. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी रात्री पडवीतल्या बल्बवर वीतभर रुंद पतंग आला आणि सकाळी पाहतो तर दाराच्या चौकटीवर अंडी. मोहरीहून मोठी, चपटी, तपकिरी डिंकाने चिकटलेली. आजी केरसुणी घेऊन उभीच होती. मी घाईघाईने ती सोडवून पुडीत बांधली आणि शाळेत विज्ञानाच्या सरांसमोर ठेवली.

सरांनी भिंगातून पाहिले, पुडी परत दिली आणि सोबत एक शंभर पानी वही. "रोज तारीख घालून लिही. स्वतः पाहिले नाहीस ते लिहू नकोस." एवढेच.

दहाव्या दिवशी अळ्या फुटल्या. काळ्या डोक्याच्या, तपकिरी. बाहेर येताच त्यांनी आपले कवच कुरतडले. मी आंब्याची, फणसाची कोवळी पाने दिली. एकीनेही तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी काही निपचित पडल्या आणि मी शाळेत रडलो. त्या संध्याकाळी सर सायकलच्या कॅरिअरला शाळेच्या विहिरीकडच्या माट्टीची डहाळी बांधून आमच्या अंगणात आले. अळ्या पानाच्या कडेला रांगेने बसून खाऊ लागल्या. तो कडेकडेने सरकणारा चंद्रकोरीसारखा घास मला आजही दिसतो. माट्टी म्हणजे मराठीतला ऐन, आणि या अळ्या टसर रेशमाच्या, हे सरांनी त्याच दिवशी सांगितले. भंडारा-गडचिरोलीकडे ऐनावर त्या जोपासतात आणि त्या रेशमाला कोसा म्हणतात.

पुढे मधल्या सुट्टीत माट्टीची पाने आणायला मला मुभा होती. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवून तोंडाशी कापूस कोंबायचा, नाहीतर अळ्या पाण्यात उतरून बुडतात. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, हुमले, म्हणजे मुंग्या, चढू नयेत म्हणून. चार वेळा त्यांनी कात टाकली. कात टाकण्याआधी दिवसभर मान वर करून निश्चल बसत. तेव्हा हलवायचे नाही, हे मी एक अळी गमावून शिकलो. पहिल्या कातीनंतर रंग हिरवा झाला, पुढे कुशीवर चांदीसारखे चकचकीत ठिपके आले. शेवटच्या दिवसांत त्या माझ्या तळहाताएवढ्या होत्या. रात्री खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर लेंड्या टपटप पडत. आई पाऊस आला समजून वाळत घातलेले कपडे काढायला उठली होती. त्या लेंडीवर लांबीने सहा खाचा असतात. वहीत मी तिचे चित्र काढले, सरांनी त्याखाली लाल शाईने 'छान' लिहिले.

एकेचाळीस अळ्यांपैकी अकराच कोशापर्यंत पोचल्या. काही ओल्या पानांनी गेल्या, बऱ्याच उझी माशीने. पडवीत ऊन मिळावे म्हणून टेबल बाहेर ठेवले ती माझी चूक. माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिचे किडे आत शिरतात. कातडीवर काळा डाग दिसला की समजायचे.

दिवाळीत नरकासुर जाळायच्या रात्री पोरे वाड्यावर ओरडत होती आणि मी कंदील धरून घरात बसलो होतो. पहिल्या अळीने दोन पाने धाग्याने जवळ ओढली, मग डहाळीभोवती कडे विणले, त्यातून देठ, आणि देठाखाली कोश. सुरुवातीला जाळीतून तिचे डोके इकडेतिकडे फिरताना दिसत होते. दोन दिवसांनी काहीच दिसेना. कोश सुपारीसारखा कठीण झाला, कानाशी हलवला की आतला जीव खुळखुळे.

सात महिने ते अकरा कोश माजघराच्या खिडकीला टांगलेले होते. ३० मे १९८७ला गोवा घटकराज्य झाले, जूनमध्ये पाऊस लागला, शाळा सुरू झाली. एका रात्री एका कोशाचे टोक ओले झाले, धागे सैल पडले आणि मादी बाहेर आली. चुरगळलेले पंख तिने तासाभरात सरळ केले. प्रत्येक पंखात एक पारदर्शक गोल होता. त्यातून भिंतीचा चुना दिसत होता. तिला खायला तोंडच नसते, हे सरांनी आधी सांगितले होते, तरी मी साखरपाणी ठेवले.

पुढच्या रात्री खिडकी उघडी ठेवली. पहाटे पिसासारख्या मिशांचा तांबूस नर रानातून येऊन तिच्याशेजारी बसला होता. संध्याकाळी ती सुटी झाली आणि तिने वहीच्या पुठ्ठ्यावर अंडी घातली. मी आता नववीत गेलो होतो. तो पुठ्ठा सरांनी आठवीच्या वर्गात नेऊन ठेवला, आणि सोबत माझी वही.