काळी परात : आमची वाटचाल

सोलापुरात ऑर्किड पिकते असे सांगितले की मार्केट यार्डातला माणूस आजही आधी हसतो आणि मग भाव विचारतो. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे, हवा कोरडी आणि बोअरचे पाणी जड. अशा गावात 2012 साली मी आणि माझ्या मामेभावाने वीस गुंठ्यांवर शेडनेट उभारून डेंड्रोबियम या जातीच्या ऑर्किडची रोपे नारळाच्या शेंड्यांवर बसवली, तेव्हा आम्हाला वेड्यात काढणाऱ्यांत घरचेच पुढे होते. लागवड, फॉगर, खते यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु या धंद्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. आमची फर्म बुडता बुडता राहिली ती शेडमध्ये नव्हे, तर दांडी कापल्यापासून खोक्याला चिकटपट्टी लागेपर्यंतच्या दोन तासांत, म्हणून लिहायचे ते त्या दोन तासांविषयीच.

फुलकिडे काय नुकसान करतात हे सांगायला नको. कापणीनंतर ते कुठे दडतात हे मात्र फार थोडे लोक वाकून पाहतात. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा पिवळट जीव फुलाच्या ओठाच्या घडीत, पाकळ्यांच्या मुळाशी आणि दांडीच्या टोकाकडच्या न उमललेल्या कळ्यांत शिरून बसतो, आणि त्याची अंडी तर पाकळीच्या आतच घातलेली असतात. वरून कितीही फवारले तरी औषध पाकळीच्या पाठीवरून ओघळून जाते. खोके बंद असेपर्यंत सारे शांत असते. ते उघडून फुले उजेडात आणि उबेत आली की मंडळी बाहेर पडतात, आणि मग ग्राहकाला फूल दिसत नाही, चालणारा पिवळा ठिपका तेवढा दिसतो.

तिसऱ्या लग्नसराईत हैदराबादच्या एका ठेकेदाराने 800 जांभळ्या दांड्यांची मागणी दिली. एवढा माल आम्ही तोवर एकदम कधी पाठवला नव्हता. शेडमध्ये फुलकिडे होते हे आम्हाला माहीत होते, आणि औषधविक्रेत्याने सुचवलेला उपाय चुकीचाही नव्हता: हवाईत कापलेली फुले कीटकनाशक साबणाच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत आहे, तेच आपण करावे असे तो म्हणाला. आम्ही बोअरच्या पाण्याने टाकी भरली, साबण ढवळला, जुड्या बुडवल्या आणि रात्रीची गाडी चुकू नये म्हणून अर्ध्या ओल्या फुलांचीच खोकी बांधली. आमच्या पाण्याने अंघोळ करताना साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा साका धरतो, हे सोलापूरच्या पोराटोरांना कळते. ते त्या संध्याकाळी आम्हा दोघा शहाण्यांना सुचले नाही. पाण्यातल्या कॅल्शियमने साबण खाल्ला. सकाळी हैदराबादला खोकी उघडली तेव्हा प्रत्येक जांभळ्या पाकळीवर चुन्याच्या शिंतोड्यांसारखे डाग वाळले होते, खालच्या थरांत ओलीमुळे करडी बुरशी सुटू लागली होती, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते फुलकिडे व्यासपीठाच्या पांढऱ्या कापडावर फिरत होते. ठेकेदाराने फोनवर काय सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही. पैसे मिळाले नाहीतच, उलट ऐनवेळी दुसरीकडून आणलेल्या फुलांचा खर्च आमच्या नावावर पडला.

त्याहून जास्त झोंबले ते पुढचे. आमच्याच यार्डातील एका व्यापाऱ्याने, ज्याचे नाव मी घेणार नाही, आठवड्याच्या आत सगळ्या डेकोरेटरांना सांगितले की सोलापूरच्या ऑर्किडमध्ये किडे निघतात, थायलंडचाच माल घ्या. थायलंडचा माल साफ का दिसतो, हे त्याने कधी सांगितले नाही. तिकडून युरोपात जाणारी डेंड्रोबियम बंद खोलीत मिथिल ब्रोमाइड वायूच्या धुरीखालून जात, कारण युरोपात थ्रिप्स पामी ही फुलकिड्याची जात आढळली की माल अडवतात. त्या वायूने किडा मरतो आणि फुलाचे फूलदाणीतले दिवसही घटतात. तो ओझोनच्या थरालाही घातक म्हणून माँट्रियल करारान्वये 2015 पासून विकसनशील देशांतही त्याचा सर्वसाधारण वापर बंद झाला आणि क्वारंटाइनसारख्या कामांपुरती सूट उरली. आपल्याकडे तो ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही आणि मिळूही नये.

मामेभाऊ त्या पावसाळ्यात भागीदारीतून बाहेर पडला. त्याला दोष देत नाही. मुलीचे शिक्षण तोंडावर होते. मी एकटा उरलो आणि जे जे ऐकले ते ते करून पाहिले. लाल आल्याच्या फुलांना 49 अंशांच्या पाण्यात दहा-बारा मिनिटे बुडवतात असे कळले, म्हणून चार दांड्या बुडवल्या. त्या उकडलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पारदर्शक झाल्या. गुलाबाप्रमाणे 2 ते 4 अंशांत ठेवून कीड गारठवावी म्हटले, तर डेंड्रोबियमला 10 अंशांच्या खालची थंडी सोसत नाही, आणि ज्या शीतगृहात जागा मिळाली तिथे शेजारी केळी होती, तिच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने उरलीसुरली फुले माना टाकून बसली. एका हितचिंतकाने धान्यात ठेवतात त्या गोळ्या खोलीत ठेवायला सांगितल्या. त्या गोळ्यांच्या वायूने माणसे मरतात; असले सल्ले देणाऱ्याला चहा पाजू नये.

या काळात आमच्याकडून फूल घेणारा एकच माणूस उरला होता, पूर्व भागातले आमचे डेकोरेटर अण्णा. घरात तेलुगू, धंद्यात मराठी, आणि उधारी कोणत्याच भाषेत नाही. मी जुडी घेऊन गेलो की ते म्हणत, "फूल चांगलं हाय की, पण आधी माझ्या टेबलावर झटक." त्यांचे टेबल काळ्या सनमायकाचे होते. मी झटकले, आणि महिनाभर भिंग लावूनही जे मला फुलात नीट दिसत नव्हते ते तिथे उघड्या डोळ्यांनी चालताना दिसले. घरी येऊन आईची अॅल्युमिनियमची जुनी परात मी काळ्या रंगाने रंगवली. ती आईने अजून माफ केलेली नाही.

तेव्हापासून आमचे काम या परातीवर चालते. प्रत्येक वाफ्यातल्या पाच दांड्या पहाटे कापून दोन बोटांनी परातीवर हलकेच टिचकावायच्या आणि ठिपके मोजायचे. टिचकी जोरात बसली तर फुलाच्या मधली परागाची टोपी निखळते आणि ते फूल इथिलीन सोडून लवकर सुकते, म्हणून तपासलेल्या दांड्या आम्ही कधीच विकत नाही. त्या घरच्या देव्हाऱ्यात जातात. शंका असेल तर दोन फुले स्पिरिटच्या बाटलीत हलवून ते स्पिरिट पांढऱ्या फडक्यातून गाळायचे, कारण घडीतली पिल्ले टिचकीला दाद देत नाहीत. ठिपके निघाले तर त्या वाफ्याची कापणी थांबते आणि उपाय झाडावर होतो: निळे चिकट सापळे, म्हाताऱ्या फुलांची वेचणी, कुंडीखालची स्वच्छता, कारण फुलकिड्याची कोषावस्था बहुधा खाली मातीतच जाते. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड, दिसला तर मात्र बुडवणी करतो, तीही पत्र्यावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यात किंवा आरओच्या पाण्यात, हातमोजे घालून. मग दांडी उलटी धरून पाणी निथळवायचे, पंख्याखाली पाकळी पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबायचे आणि त्यानंतरच बुडाला पाण्याची ट्यूब लावायची. गाडी चुकली तर चुकू द्यावी. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी औषधाच्या बाटलीआधी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर विकत घ्यावा, हे मी न विचारता सांगतो.

तो व्यापारी गेल्या दिवाळीत दुकानात आला होता. बाहेरून मागवलेल्या त्याच्या खोक्यांत काहीतरी वळवळले होते, तेव्हा जरा परातीवर बघून द्या, म्हणाला. बघून दिले आणि खोक्यामागे पैसेही घेतले. सात-आठ वर्षांपूर्वी तो काय बोलला होता याचा विषय ना त्याने काढला, ना मी.

परातीचा रंग दर वर्षी खंडेनवमीच्या आधी नव्याने देतो, आणि त्या दिवशी भिंग, कात्री, टीडीएस मीटर यांच्याबरोबर तिचीही पूजा होते. बाकी सगळ्यांना हळद-कुंकू लागते, परातीला फक्त फूल. हळदीचा एक कण जरी तिच्यावर राहिला तरी दुसऱ्या दिवशी पहाटे आमची मुले तो फुलकिडा म्हणून मोजतात.