तुम्ही जोर का लावत नाही?

"ताई, जरा जोरात दाबा की. दुखल्याशिवाय कुठं फरक पडतो?" सोलापुरात मसाज थेरपिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न कायम कानावर येतो. इथे तालमीतलं रगडणं पाहत मोठी झालेली माणसं पुष्कळ. त्यामुळे अंग ठणकलं नाही की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सहन होईना इतकं दुखलं की शरीर बचावाला उभं राहतं. मी कोपर रोवलं आणि तुम्ही दात आवळून श्वास धरलात, की जो स्नायू मला सैल करायचा आहे तोच ताठ होतो. मग मी आणि तो स्नायू झुंजत बसतो. दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग उठतात, ते कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्यामुळे. "आतली घाण बाहेर पडली" असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. म्हणून मी दाबताना विचारत राहते, दहापैकी किती दुखतंय? पाच-सहापर्यंत, श्वास चालू आहे तोवर, ठीक. त्याच्या वर गेलं की मी हात सैल करते.

आणि जिथे दुखतं तिथेच दाबायचं, हेही नेहमी खरं नसतं. पूर्व भागातल्या विडी कामगार बायका माझ्याकडे येतात, त्यांचं उदाहरण देते. मांडीवर सूप, मान खाली. तेंदूचं पान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांत वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. दिवसाला हजारभर विड्या अशा वळायच्या. त्या आल्या की अंगठ्याचा बुंधा पुढे करतात, "अक्का, इथं चमक मारतीया." मी अंगठ्याला हात लावायच्या आधी कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला, बोटाने चाचपते. तिथे सुतळीसारखी एक कडक दोरी लागते. ती हलकेच दाबून धरली की त्या चपापून म्हणतात, "अंगठ्यापर्यंत गेलं!" मग तिथेच थांबायचं, ती दोरी बोटाखाली विरघळल्यासारखी वाटेपर्यंत. घासायचं नाही, घाई करायची नाही. याला फार ताकद लागत नाही, जागा अचूक लागते.

दुखणं एका जागी आणि त्याचं मूळ दुसरीकडे, हे नकाशे काढून मांडलं ते अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले आणि १९६१ मध्ये त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. स्नायूतल्या अशा कडक दोऱ्या, गाठी नेमक्या कशामुळे होतात यावर तज्ज्ञांचे वाद अजून चालू आहेत. पण ट्रॅव्हेल यांचे नकाशे मला रोज उपयोगी पडतात.

यंत्रमागावरच्या माणसांची तऱ्हा वेगळी. पाळीभर उभं राहायचं, धागा तुटला की वाकून सांधायचा. कंबर धरलेली, पोटऱ्यांत गोळे. त्यांना जोर सोसतो, हे मान्य. तरी सुरुवातीची काही मिनिटं मी तळहाताने नुसती ऊब देते. (तेल कुठलं, हेही सगळे विचारतात. तीळ, खोबरेल, घरात करडईचं असेल तर तेही. तुमच्या कातडीला सोसेल ते.)

टेबलावर झोपवण्याआधी मी इतकं का विचारते, अशी तक्रार असते. शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय का? जुनी शुगर असलेल्यांच्या पावलांची जाण बऱ्याचदा कमी झालेली असते. "दाबा बिनधास्त, काहीच वाटत नाही" असं ते म्हणतात, तेव्हाच मी सगळ्यात जपून हात लावते. ज्याला दुखत नाही त्याचा दहापैकी आकडा मला काय सांगणार?

काही वेळा हात लावायचाच नसतो. दिवसचे दिवस गाडी चालवणारे एक काका पोटरी दाबून घ्यायला आले होते. एकच पाय सुजलेला, दुसऱ्यापेक्षा गरम, पोटरी ताणलेली. मी टेबलावर घेतलं नाही, थेट दवाखान्यात पाठवलं. डॉपलर तपासणीत, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशा पोटरीला कुणी रगडलं तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जीवावर बेतू शकतं. घरात एकमेकांचे पाय दाबून देणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक सांगायला हवं. मसाजने कंबरेला, मानेला आराम पडतो, पण तो काही दिवस टिकतो. पुन्हा तेच सूप, तीच वाकलेली मान असेल तर दुखणं परत येणार. म्हणून विडीवाल्या मावश्यांना मी सांगते, भिंतीला पाठ टेका, सुपाखाली उशी घेऊन ते वर आणा, प्रत्येक कट्टा, म्हणजे विड्यांची जुडी, बांधून झाला की मान वर करून खांदे फिरवा. मजुरी विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे हातातलं काम थांबवणं त्यांना परवडत नाही हे मला दिसतं. कट्टा बांधताना हात तसेही सुटतात, म्हणून तीच वेळ सुचवते. ज्या हे करतात, त्या माझ्याकडे उशिराने येतात.