खुब्याच्या स्नायूंची ताकद मोजली तेव्हा

मी फुटबॉल खेळते, मधल्या फळीत. डाव्या जांघेत आतून दुखायचं, तेही सरळ पळताना नाही. झटकन दिशा बदलताना आणि लांब पास मारताना. विश्रांती घेतली की थांबायचं, खेळायला लागले की पुन्हा सुरू. आधीच्या तपासणीत हाताने जोर लावून बघितलं, तर दोन्ही पायांना पाचपैकी पाच. ही मोजणी ० ते ५ एवढीच असते आणि खेळाडूचा कमजोर पायसुद्धा तिथे आरामात पाच मिळवतो. नव्या फिजिओताईंनी म्हणूनच डायनॅमोमीटर, म्हणजे स्नायूंचा जोर न्यूटनमध्ये मोजणारं यंत्र, काढला.

सुरुवात साधी होती. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, ताई दोन्ही गुडघ्यांमध्ये मूठ धरणार, मी ती दाबायची आणि दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायचं. मी चार म्हटलं.

मग पाय सरळ. यंत्राची गादी घोट्याच्या जरा वर, आतल्या बाजूला. यंत्र पट्ट्याने बांधलेलं, कारण नुसतं हाताने धरलं तर खेळाडूच्या जोरापुढे तपासणाऱ्याचा हात सरकतो आणि आकडा कमी येतो. "हळूहळू जोर वाढव, झटका नको. आता धर, धर, धर... सोड." पाच सेकंद, थोडा दम, पुन्हा तेच. कंबर उचलली की तो प्रयत्न बाद. नंतर गादी बाहेरच्या बाजूला आणि पाय बाहेर ढकलायचा.

उजवा पाय आत ओढताना १५२ न्यूटन, डावा १२०. बाहेर ढकलताना मात्र दोन्ही १६०. खुब्यापासून गादीपर्यंतचं अंतर ०.८ मीटर आणि माझं वजन ६० किलो. जोर गुणिले अंतर, भागिले वजन, या हिशोबाने उजवीकडे किलोमागे साधारण २ न्यूटन-मीटर, डावीकडे १.६. उंची-वजन वेगळं असलेल्या खेळाडूंची तुलना अशीच करता येते, नुसत्या न्यूटनवर नाही.

मला खरं पटलं ते गुणोत्तर. डावीकडे आतली ताकद बाहेरच्या ताकदीच्या फक्त ७५ टक्के. आइस हॉकीच्या व्यावसायिक खेळाडूंवर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हे प्रमाण ८० टक्क्यांखाली असलेल्यांना जांघेचा स्नायू ताणला जाण्याचा धोका १७ पट दिसला होता. खेळ वेगळा, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा मला लागू नाही, पण काम कुठे करायचं हे स्पष्ट झालं. इतके दिवस मी बाहेरच्या बाजूसाठी रबरबँड ओढत होते, आणि ती बाजू तर धडधाकट होती!

पुढे कोपनहेगन व्यायाम सुरू झाला: कुशीवर, वरचा पाय बाकावर, अंग उचलून धरायचं. आधी गुडघ्याला आधार, मग घोट्याला. फेरतपासणी त्याच स्थितीत, त्याच पट्ट्याने, गादी त्याच जागी ठेवून झाली. यातलं काही बदललं असतं तर दोन आकड्यांची तुलनाच करता आली नसती. डावा पाय १४० वर आलाय, मूठ दाबताना दुखणं एक. दिशा बदलण्याचा सराव सुरू आहे. सामना खेळायचा तो दोन्ही पायांतला फरक आणखी कमी झाल्यावरच, असं आमचं ठरलंय.