बर्नेन्सचे डोळे

मधमाश्यांच्या पेटीतली चौकट उचलून उजेडाकडे धरली की माझी नजर आधी राणीमाशी शोधू लागते. ती कामकरी माश्यांच्या गर्दीत सापडेनाशी झाली की मला हटकून आठवतात ते जिनिव्हाचे फ्रांस्वा ह्यूबेर, कारण राणीमाशीच्या आयुष्याचा उलगडा या माणसाने केला तो दृष्टी गमावल्यानंतर.

त्यांचा जन्म १७५० सालचा. ऐन तारुण्यात त्यांची नजर अधू होत गेली. मारी ल्युलँ यांना त्यांच्याशी लग्न करायचे होते, पण मारी यांच्या वडिलांचा या लग्नाला कडाडून विरोध होता. त्या सज्ञान होईपर्यंत थांबल्या आणि मग त्यांनी ह्यूबेर यांच्याशीच लग्न केले. घरी फ्रांस्वा बर्नेन्स नावाचा नोकर होता. तो ह्यूबेर यांना फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओम्युर यांचे कीटकांवरचे ग्रंथ वाचून दाखवत असे, आणि वाचता वाचता त्याने विचारलेल्या प्रश्नांवरून मालकाने त्याची बुद्धी ओळखली. पुढे प्रयोगाची आखणी ह्यूबेर यांची आणि निरीक्षण बर्नेन्सचे, अशी जोडी जमली. पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी ह्यूबेर यांनी याच कामासाठी बनवली.

नर माश्यांच्या नुसत्या गंधाने राणी फळते, असे डच निसर्गअभ्यासक स्वामरडॅम यांचे मत होते. ह्यूबेर यांनी कुमारी राण्यांना नरांसह पेटीत कोंडून ठेवले, तेव्हा त्या वांझच राहिल्या. बाहेर सोडलेली राणी मात्र उड्डाणावरून परतली ती समागमाची खूण अंगावर घेऊनच. म्हणजे मीलन होते ते पोळ्याबाहेर, उडताना. परागापासून मेण होते हा समजही असाच मोडला: पराग न देता केवळ मध आणि साखरेच्या पाकावर ठेवलेल्या माश्यांनीही पोळी बांधली.

मला सर्वांत थोर वाटते ते मात्र अकरा दिवसांचे एक काम. राणी नसलेल्या पोळ्यात अंडी घालते तरी कोण, हे ठरवायचे होते. त्यासाठी बर्नेन्सने दोन पोळ्यांतली एकेक माशी बोटांत धरून तिची सोंड, मागचे पाय आणि नांगी तपासली, आणि डोळे निववण्यापुरतीच काय ती विश्रांती घेतली. ज्याने चिडलेल्या पोळ्यात एकदा तरी हात घातला आहे, त्याला या अकरा दिवसांचे मोल सांगावे लागत नाही. त्यांत राणी एकही निघाली नाही, सगळ्या कामकरीच. म्हणजे अंडी घालणारीही त्यांच्यातलीच कोणीतरी होती.

१७९२ साली यांतली बहुतेक निरीक्षणे जिनिव्हाचेच निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात प्रसिद्ध झाली. ग्रंथावर नाव ह्यूबेर यांचे आहे, पण आपण पाहिले ते बर्नेन्सच्या डोळ्यांनी, हे त्यांनी आत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.