सीडी १००: हेडमधले दोन मोडके स्टड आणि पाव किलो तुरटी

मागच्या वेळी इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून टेबलावर आणलं इथपर्यंत सांगितलं होतं. त्यानंतरचे तीन वीकेंड फक्त दोन स्टडात (सायलेन्सरचा पाइप हेडला धरून ठेवणारे आट्यांचे दांडे) गेलेत मंडळी, बाकी इंजिनाला हात पण लागलेला नाहीये.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. गाडी बाबांची जुनी हिरो होंडा सीडी १००, ९७.२ सीसी, चिपळूणला मामाकडे असायची आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात टाकीपर्यंत बुडाली. मामाने तेल बदललं, प्लग बदलला, गाडी चालू पण झाली, म्हणून वर्षभर तशीच वापरली आणि मग पडवीत उभी करून ठेवली. सायलेन्सर मात्र कोणी खोललाच नाही. ह्या इंजिनाचं सिलिंडर आडवं असतं, एग्झॉस्टचं तोंड खालच्या बाजूला, पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल तिथेच जाऊन बसतो. ॲल्युमिनियमच्या हेडात लोखंडी स्टड आणि वर ओल, मग नुसता तांबडा गंज नाही, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी पण आट्यांत भरून घट्ट बसते. सायलेन्सर काढायला नटाला १० चा पाना लावला, जरा जोर दिला, कट्ट आवाज आला, म्हणलं सुटला, हातात बघतो तर नटासकट अर्धा स्टड. दुसरा पण तसाच. आधी तापवून घ्यायला हवं होतं, माहीत होतं, केलं नाही.

पहिल्याचा चारेक मिलिमीटर तुकडा बाहेर होता. दोन दिवस रस्टचं तेल मारून ग्रिप पक्कड लावली तर ती स्टड सोलूनच काढायला लागली, मग सोडून दिलं आणि हेड घेऊन कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेलो. त्याने तुकड्यावर ६ चा नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं. वेल्ड लोखंडाला धरतं, ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेड सेफ. शिवाय तापून स्टड फुगतो आणि निवताना आकसतो, त्यात गंजाची पकड मोडते. लाली गेल्यावर पाना लावून आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला, असं मागेपुढे करत करत पाच मिनिटात बाहेर. अक्षरशः चहा यायच्या आत.

दुसरा आत दोन मिलिमीटर खोल तुटलेला. वेल्डरने दोनदा ट्राय केलं, धरेना. आणि इथे मी शहाणपणा केला. घरी हातातल्या ड्रिलने ३ चं भोक मारलं, पंच नीट बसला नव्हता म्हणून बिट सरकलं आणि भोक अर्धा मिलिमीटर एका बाजूला गेलं, तरी त्यात इझी आउट (तुटका स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) ठोकला आणि फिरवला आणि तो आतच मोडला. आता विचार केला तर साधी गोष्ट आहे, जो ६ एमएमचा स्टड जोराने तुटला तो त्याच्याहून बारीक इझी आउटने कसा फिरणार, आणि वर इझी आउट पाचरीसारखा असतो, स्टडला आतून फाकवून अजून घट्ट करतो. शिवाय तो इतका कडक की साधं ड्रिल बिट त्यावर नुसतं नाचतं.

ओळखीचा लेथवाला म्हणाला भोसरीत स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणारं मशीन) जाळून मिळेल. तो पर्याय शिल्लक ठेवला आणि आधी तुरटी करून बघायची ठरवली. घड्याळवाल्यांची जुनी युक्ती आहे, पितळी भागात तुटलेला स्टीलचा स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात टाकायचा. पाणी आम्ल होतं, लोखंड खातं, पितळ आणि ॲल्युमिनियमला फारसं काही करत नाही.

पण अख्खं हेड पातेल्यात उकळायचं व्हिडिओ बघून कोणी करू नका!! हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट आणि गाइड पण लोखंडाच्याच जातीच्या, त्या पण खाल्ल्या जातील. मी हेड उलटं करून भोकाभोवती ॲल्युमिनियमच्या नळीचा इंचभर तुकडा लाल सिलिकॉन गॅस्केटने चिकटवला, एक रात्र सुकू दिला, आणि त्या विहिरीत तुरटीचं कडक गरम पाणी. हेड खालून हॉटप्लेटवर मंद. बारीक बुडबुडे सुरू झाले की समजायचं काम चालू आहे (हायड्रोजन असतो, खिडकी उघडी ठेवा). दर दोन तासांनी काळं पाणी ड्रॉपरने काढायचं, सुईने गाळ खरवडायचा, नवीन पाणी भरायचं. शनिवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंत. पाव किलो तुरटी संपली, किराणावाला विचारत होता पाणी एवढं गढूळ येतंय का तुमच्याकडे.

रविवारी रात्री साडेदहाला इझी आउटचा तुकडा सुईने हलला आणि चिमट्याने बाहेर आला. स्टडाची उरलेली कड पापडासारखी झाली होती, ती पण निघाली. सोड्याच्या पाण्याने धुवून वाळवलं. एका बाजूचे आटे माझ्या वाकड्या ड्रिलने गेलेलेच होते, त्यामुळे ६.३ चं ड्रिल ड्रिल प्रेसवर सरळ मारून, हेलिकॉइलचा (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची कॉइल) आटे पाडायचा टॅप फिरवून, ९ एमएमची कॉइल बसवली. हे मात्र अर्ध्या तासाचं काम.

नवीन स्टडांना कॉपर ग्रीस लावलंय. नट १० न्यूटन मीटरवर, ६ एमएमला होंडाचा नेहमीचा आकडा तोच, आणि ह्या वेळी टॉर्क रिंचने, अंदाजाने नाही.

पुढचं काम मॅग्नेट कव्हर. त्याचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे पण जेआयएस म्हणजे जपानी मापाचे आहेत, साधा स्क्रूड्रायव्हर घसरून तोंड खराब करतो, आणि त्यातल्या दोन स्क्रूंची तोंडं कोणीतरी आधीच गोल करून ठेवलीयत. इम्पॅक्ट ड्रायव्हर मागवलाय, गुरुवारी येईल.